दाजींचं नाक, टाकीचं पाणी आणि विसण : सायनसवाल्याच्या नाक धुण्याचं एक पूर्ण प्रकरण

प्रकरण माझ्या दाजींचं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव टाकायचं नाही एवढी एकच अट घातली त्यांनी. मी लातुरात मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण काउंटरवर नाकाच्या तक्रारी घेऊन जे पब्लिक येतं ते बघून वाटलं की हे सविस्तर लिहावं, कारण दाजींनी जे जे केलं ते आपल्याकडं घरोघर चालतं.

दाजी डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहेत, वय पन्नाशीच्या पुढं. तुरीचा सीझन लागला की मिलमध्ये हवेत नुसता भुस्सा, संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. नाक बारा महिने चोंदलेलं, कपाळ जड, गालाच्या हाडात ठणका, आणि मागच्या मागं घशात उतरतं म्हणून सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास खाकरणं. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. हे शुगरचं लक्षात ठेवा, पुढं लागणारय.

आता इलाज काय चालला होता तर नाकात टाकायचे थेंब. झायलोमेटाझोलिनचे ते, टाकले की दोन मिनिटात नाक मोकळं, स्वर्ग. पण हे थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस टाकायचे असतात, त्याच्या पुढं गेलं की थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत थेंब, परत सूज, माणूस अडकतो. दाजी कित्येक महिने टाकत होते. माझ्या दुकानातनं नेत नव्हते, मी कटकट करतो म्हणून मिलजवळच्या मेडिकलमधनं घ्यायचे, हे मला नंतर ताईनं सांगितलं.

मग कुणीतरी जलनेती सुचवली. योगातल्या षट्कर्मांमधली नेती, म्हणजे आपल्याला काही नवीन नाही, सकाळच्या योगवर्गात एका मास्तरनं करून दाखवली, टोटीवालं भांडं एका नाकपुडीला लावायचं, मान वाकडी, पाणी दुसरीकडनं बाहेर. दाजींना भांडं जमेना म्हणून त्यांनी दाबायची प्लास्टिकची बाटली आणली, अडीचशे मिलीची असते ती. आणि पहिल्याच आठवड्यात फोन, "मेव्हणे, लई मोकळं वाटूलालंय, तुमच्या गोळ्याबिळ्या सगळ्या बाद!"

हे खोटं नव्हतं बरं का. मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यानं धूळ, परागकण, घट्ट झालेला शेंबूड निघून जातो, आतली सूज उतरायला मदत होते, जुनाट सायनसवर कान-नाक-घसावाले डॉक्टर स्वतःहून हे लिहून देतात, 2020 च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये पण शिफारस आहे. धूळ खाणाऱ्या मिलवाल्या माणसाला तर हे वरदानच. म्हणून नाक धुणं वाईट असं मी कुठंच म्हणत नाहीये, उलट. भानगड पाण्यात होती.

पाणी कुठलं

आपल्याकडची पाण्याची कथा सांगायला नको. लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, देशभर गाजलं. आता तेवढं वाईट नाही, पण नळ रोज येत नाही, आला की माणूस भरून ठेवतो. दाजींच्या घरी खाली हौद, गच्चीवर काळी टाकी, मोरीत ड्रम, आणि नळाचं कमी पडलं की बोअरचं त्याच टाकीत चढतं, आणि उन्हाळ्यात टँकर. प्यायला जार येतो वीस लिटरचा, शिवाय किचनमध्ये आरओ लावलाय तो आहे, आणि माठ तर पाहिजेच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते मान्य, पण ते टाकीत, हौदात पडून पडून उडून जातं. वर मे महिन्यात लातूरचं ऊन चाळीस-बेचाळीसचं, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही असं तापतं. टाकीच्या तळाला गाळ, भिंतीला बुळबुळीत थर. असं कोमट, साचलेलं, क्लोरीन नसलेलं गोडं पाणी हेच नेग्लेरिया फाउलेरी नावाच्या अमिबाला, म्हणजे नाकातनं मेंदूत शिरून जीवघेणा आजार करणाऱ्या एकपेशीय जंतूला, मानवतं, तो 46 अंशापर्यंतच्या पाण्यातसुद्धा जगतो.

दाजी पहिले काही दिवस बेसिनच्या नळाचंच पाणी बाटलीत भरत होते, म्हणजे थेट टाकीचं. मग ताई ओरडली तर जारचं वापरायला लागले. का तर "ते फिल्टरचं आहे, आपण पितोच की."

इथंच सगळ्यांची गल्लत होते. प्यायचं पाणी आणि नाकात घालायचं पाणी यात फरक आहे. पोटात ॲसिड आहे, थोडंफार जंतू गेले तर तिथं मरतात, नेग्लेरिया असलेलं पाणी पिऊन हा आजार होत नाही. नाकात ती सोय नाही. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला वास घेणाऱ्या नसा असतात, त्या बारीक भोकांच्या हाडातनं थेट मेंदूत जातात, अमिबा त्याच वाटेनं वर चढतो. आणि आपण बाटली दाबून पाणी नेमकं तिथंवर पोचवतो. जारचं पाणी थंड असतं, चवीला गोड असतं, पण तो जार कितव्यांदा भरलाय, कशानं धुतलाय, कुणाला माहीत. घरच्या आरओचं पाणी बरंच चांगलं, तरी ते आतल्या टाकीत पडून असतं आणि त्या तोटीला आपण ओले हात लावतो, त्याला निर्जंतुक म्हणता येत नाही. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. माठावर चार पदरी फडकं बांधलं तरी तेच.

आता घाबरवायचं म्हणून नाही, पण घडलेलं सांगतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली दोन माणसं याच अमिबानं गेली, दोघांनी नेतीपात्रात घरच्या नळाचं पाणी वापरलं होतं. नळाचं, अमेरिकेच्या नळाचं. कराचीत नमाजाआधी वजू करताना नाकात पाणी ओढल्यानं झालेल्या केसेस आहेत. आपल्या केरळात 2024 आणि 2025 ला बऱ्याच केसेस झाल्या, तिथं तळी-विहिरी, आंघोळ, असं सगळं आलं. आजार दुर्मिळ आहे, करोडो लोक नाकात पाणी जाऊनही ठणठणीत आहेत, पण नेग्लेरियाचा झाला तर वाचणारे फारच थोडे. आणि टाळायचा खर्च किती, तर पाणी उकळायचा गॅस.

एक रात्र

दाजींना हे झालं नव्हतं, आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला.

झालं असं, की दोनेक महिने नाक धुतल्यावर त्यांचा उजवा कान गच्च झाला, मग ठणकायला लागला, एका रात्री ताप, डोकं फुटेल असं दुखणं, एक उलटी. आणि भाच्यानं नेमका त्याच दिवशी मोबाइलवर मेंदू खाणाऱ्या अमिबाचा व्हिडिओ घरच्यांना दाखवलेला. ताईचा रात्री साडेअकराला रडत फोन. मी गेलो तर दाजी पलंगावर बसलेले, शुद्धीत, मान हलवत होते, मला बघून म्हणले, "मेव्हणे, गेलो का म्हणं मी?"

मी काय करणार, गाडीत घातलं आणि दवाखान्यात. तिथल्या ड्युटी डॉक्टर बाईंनी जे केलं ते मला आवडलं, त्यांनी आधी मान छातीला टेकवून बघितली, बोलणं बरोबर आहे का, उजेडाकडं बघवतं का, नंतर कान बघितला, आणि ताई सांगायच्या आत स्वतःच विचारलं की नाकात पाणी घालता का, कुठलं घालता, शेवटचं कधी घातलं. हे डॉक्टरला न विचारता पण सांगायला पाहिजे. नाक धुतल्यावर, किंवा विहिरीत-तळ्यात पोहल्यावर, एक ते बारा दिवसात जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठ, बरळणं, झटके यातलं काही झालं तर "व्हायरल असेल" म्हणून घरी थांबायचं नाही, आणि गेल्यावर पाण्याचं सांगायचंच, कारण त्यासाठी पाठीतल्या पाण्याची तपासणी करावी लागते आणि डॉक्टरच्या डोक्यात ते आपोआप येईलच असं नाही.

शुगरवाल्यांसाठी दुसरी एक गोष्ट. 2021 ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, आपल्या भागात काय केलं ते विसरलो नाही आपण. शुगर वाढलेली, आणि चेहऱ्याची एकच बाजू सुजली, दुखली, बधिर झाली, डोळा दुखतोय, एकाचे दोन दिसतायत, नाकातनं काळी खपली पडतेय, तर नाक धुवत बसायचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा गाठायचा. दाजींची शुगर त्या रात्री तीनशेच्या वर होती म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं नाक बघायला लावलं.

निघालं काय, तर कानाच्या पडद्यामागं पू, सायनसमध्ये पू, नाकाचं मधलं हाड वाकडं, आणि थेंबांनी आतली कातडी लालबुंद. अमिबा नाही, म्युकर नाही. अँटिबायोटिकचा कोर्स, शुगर कंट्रोल, थेंब बंद, आणि कान बरा होईपर्यंत नाक धुणं बंद.

कान कसा काय बिघडला? तर बाटली. दाजी ती दाबायचे म्हणजे सायकलचा पंप मारल्यासारखी, आणि पाणी काढून झालं की एक नाकपुडी बोटानं बंद करून दुसरीतनं जोरात फुंकायचे, मास्तरनं कपालभाती करा म्हणलं होतं म्हणून ती पण लगेच. नाकाच्या मागनं कानात एक नळी जाते, एवढ्या दाबानं घाण पाणी आणि शेंबूड त्या नळीत घुसतो. त्यात नाक पूर्ण बंद असतानासुद्धा ते जबरदस्तीनं पाणी घालायचे, म्हणजे बाहेर पडायला वाटच नाही.

भीती

बरे झाल्यावर दाजींनी बाटली कचऱ्यात टाकली आणि जाहीर केलं की आता जन्मात नाकाला पाणी लावणार नाही. पंधरा-वीस दिवसात नाक परत जसंच्या तसं. आणि मिलजवळच्या दुकानातनं थेंब परत चालू. हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण व्हिडिओ बघून लोक असंच करतात, एकतर टाकीचं पाणी बिनधास्त नाहीतर एकदम बंद. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी मात्र फॉलोअपला स्पष्ट सांगितलं की तुमच्या धंद्यात धूळ आहे, नाक धुतलंच पाहिजे, फक्त नीट धुवा.

मग ताईनं पाणी उकळायला सुरुवात केली. तरी मी एकदा सकाळी त्यांच्याकडं होतो म्हणून बरं झालं. ताईनं पातेल्यात पाणी ठेवलं, तळाला बुडबुडे आले, वाफ आली, गॅस बंद. उकळी नाहीच आली. मग ते पाणी गरम लागतं म्हणून माठातलं एक तांब्या त्यात ओतलं. विसण! आंघोळीच्या पाण्यात घालतो तसं. मी म्हणलं ताई, हे केलंस तर मग आधीचं उकळायचं तरी कशाला. ती म्हणे अरे, चटका बसल ना त्यांला. तिचं बरोबरच होतं, चटका बसेल, पण त्याला उपाय वेळ आहे, माठ नाही. माझ्या काउंटरवर आता जो कुणी नाक धुण्याच्या मिठाचे सॅशे, म्हणजे तयार पुड्या, घ्यायला येतो त्याला मी हा एक प्रश्न हमखास विचारतो, विसण घालता का, आणि दर दोघा-तिघांतला एक तरी हो म्हणतो.

मग घरात जे बसवलं ते असं. रात्री जेवणं झाली की आरओचं पाणी उकळायला ठेवायचं. आरओचंच का, तर बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, ते क्षार आहेत, त्यानं काही बिघडत नाही पण पाण्यात कण तरंगतात आणि दाजींना किळस येते. खळखळ उकळी फुटली की तिथून एक मिनिट मोजायचं. दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं मोजायची असतात, आपण काही हिमालयात नाही, पण ताई तीन करते, करू दे. मग झाकण ठेवून तसंच रात्रभर गार होऊ द्यायचं, त्यात चमचा बुडवायचा नाही, वाटी बुडवायची नाही. सकाळी लागलं तर परत जरासं कोमट करायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघायचे, लेकराच्या दुधाचं बघतो तसं. चोवीस तासात संपलं नाही तर झाडाला.

मीठ. दाजी आधी चिमटीनं टाकायचे, कधी कमी कधी जास्त, नाक चुरचुरलं की म्हणायचे "असर होतोय". असर नाही ओ तो, प्रमाण चुकलंय. शरीरातल्या पाण्याइतकं खारट म्हणजे एक लिटरला 9 ग्रॅम, अडीचशे मिलीच्या बाटलीला सव्वादोन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमीच. साधं पाणी बिनमिठाचं घातलं तरी आग होते, कारण आतल्या पेशी फुगतात. दाजींना चमच्याचा भरवसा नाही, त्यांनी मिलमधल्या सॅम्पलच्या काट्यावर, ज्याच्यावर डाळीतला खडा-माती वजन करतात त्याच्यावर, मिठाच्या पुड्या मोजून आणल्या, कागदाच्या, जुन्या वैद्याकडं मिळायच्या तशा. छान आयडिया, फक्त काटा आधी पुसा म्हणलं. मीठ आयोडीन नसलेलं मिळालं तर बरं, काहींना आयोडीनवाल्यानं चुरचुरतं. खडे मीठ नको, त्यात माती असते. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर मऊ लागतं, पण खायचाच, धुण्याचा नाही, हे सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे. एवढा कुटाणा नको असेल तर तयार सॅशे मिळतात, त्याच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात टाकायचे. पण सॅशेतलं मीठ पाण्यातले जंतू मारत नाही, पाणी तरीही उकळलेलंच पाहिजे, हे लोकांना खरंच वाटत नाही.

बाटली नवी आणली. जुनीच्या नळीत आत काळा थर होता, बॅटरी मारून दाखवला मी दाजींना, बाथरूममध्ये ओलीच पडलेली असायची ती. आता धुऊन झालं की त्याच उकळलेल्या पाण्यानं विसळून, सुटी करून, स्वच्छ फडक्यावर उलटी वाळत ठेवतात, बाथरूममध्ये नाही. दुसऱ्या कुणाची वापरायची नाही, नवरा-बायकोची पण वेगळी. तीन महिन्यांनी बदलायची.

धुताना बेसिनवर पुढं वाकायचं, मान किंचित बाजूला, तोंड उघडं, श्वास तोंडानं, "आ" म्हणत राहिलं की पाणी घशात कमी उतरतं. बाटली हळू दाबायची, धार सुटेल इतकीच. कान गच्च वाटला की थांबायचं. झालं की पुढं वाकून मान इकडं-तिकडं करून राहिलेलं पाणी गळू द्यायचं, नाहीतर तासाभरानं कुणाच्या तरी ताटात वाकलं की नाकातनं धार लागते, दाजींची मिलच्या मालकासमोर लागली होती. शिंकरायचं ते दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून, हळू. आणि लगेच आडवं व्हायचं नाही. नाक पूर्ण चोंदलेलं असेल, कान दुखत असेल, नाकातनं रक्त येत असेल, किंवा नाकाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता तो धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, आधी मारला तर पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातो, महाग असतो ओ. स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडं नाही, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं, नाहीतर रक्त यायला लागतं. थेंब सोडायला मात्र दाजींना जड गेलं, डॉक्टरांनी आधी एका नाकपुडीतले बंद करायला लावले, दुसरीनं श्वास घेत काढायचे ते दिवस, मग दुसरीतले. त्या काळात ते घरात कुणाशी नीट बोलत नव्हते.

गावाला, लग्नाकार्याला गेले की उकळायची सोय नसते, तिथं मी पाचशे मिलीची सलाईनची बाटली देतो, साधी 0.9 टक्केवाली, निर्जंतुक असते. घेताना लेबल वाचायचं, दुकानदार घाईत डेक्स्ट्रोजवाली देतो, त्यात साखर असते, ती नाकात नको. उघडली की चोवीस तासात संपवायची, उरलेली परतीच्या प्रवासात नाही वापरायची. आणि इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घेतलं तर त्यात मीठ नसतं, तसंच घातलं तर आग होईल. हेही कुठं मिळालं नाही तर त्या दिवशी नाक नाही धुवायचं, एका दिवसानं काही होत नाही, टँकरच्या पाण्यानं धुण्यापेक्षा बरं.

आता दाजींचं म्हणाल तर गालाचा ठणका गेलाय, थेंब सुटलेत, खाकरणं कमी झालंय, बंद नाही झालं. हाड वाकडंच आहे, डॉक्टर म्हणतात त्रास वाढला तर ऑपरेशनचं बघू. सीझनमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदा धुतात, एरवी एकदा. मिलमध्ये मास्क लावा म्हणून मी आणि डॉक्टर दोघंही सांगून थकलो, तर दमायला होतं म्हणून तो गळ्यातच असतो. गच्चीवरची टाकी मात्र धुऊन घेतली यंदा, भाच्याला आत उतरवून, निघालेला गाळ घमेल्यानं काढावा लागला.